चारही चाकांनी श्रावस्ती

कमलाबाई रामटेके यांच्या घरी आलेला पाहुणा रोडवेजच्या बसने कुठेही जात नसे. हा नियम त्यांनी स्वतःच केला होता, आणि लखनऊच्या इंदिरा नगरात घर बांधल्यापासून तो मोडण्याचे धैर्य कोणी दाखवले नव्हते. नियमाचे कारण विचारण्याची त्या घरात पद्धत नव्हती. त्यांचे पती बबनराव रेल्वेच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना त्यांनी मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या खर्चांवर हरकती काढल्या. घराच्या उंबरठ्याच्या आत मात्र एकही हरकत कधी काढली नाही, आणि त्यांची प्रकृती आजवर ठणठणीत राहिली ती त्यामुळेच, असे शेजारी म्हणत.

त्या वर्षीच्या फाल्गुनात नागपूरहून कमलाबाईंच्या थोरल्या बहिणीचा, विजयाचा, फोन आला.

"कमल, गुडघ्याचं काही खरं नाही वं आता. एकदा श्रावस्ती पाहून घेते म्हणते. बुद्धपौर्णिमेले येऊ का?"

"ये. विचारतेस काय!"

"अन् बसनं नेलं तरी चालते मले. उगाच मोठं काही करू नको."

फोन ठेवल्यावर कमलाबाई बराच वेळ खुर्चीत बसून राहिल्या. दीक्षेच्या दिवशी नागपूरच्या त्या अफाट गर्दीत दोघी बहिणी एकमेकींचा हात घट्ट धरून उभ्या होत्या, तेव्हाच ठरले होते की श्रावस्तीला, बुद्धांच्या जेतवनात, कधीतरी दोघींनी शेजारी शेजारी बसायचे. लखनऊहून श्रावस्ती सकाळी निघून दुपारी पोचावी इतकी जवळ. गल्लीतल्या अर्ध्या लोकांनी सहज जाता जाता पाहिलेली. कमलाबाई मात्र इतक्या वर्षांत एकदाही गेल्या नव्हत्या. विजयाशिवाय जायचे नाही, हाही एक नियमच होता. आता ती स्वतःहून येते म्हणत होती, आणि वर म्हणत होती, बसनं चालते! त्या एका वाक्याने कमलाबाईंच्या आनंदाला ठसका लागला. एवढ्या वर्षांच्या वचनाची पूर्तता काय कंडक्टरच्या शिट्टीवर करायची?

मोटार ठरवावी म्हणून त्यांनी समोरच्या घरातल्या सूबेदार-मेजर दीनानाथ मिश्रा यांना बोलावणे पाठवले. सूबेदार-मेजरांनी उमेदीची सारी वर्षे लष्कराच्या अवजड गाड्यांवर काढलेली. निवृत्तीनंतर त्यांच्यापाशी एक स्कूटर उरली होती, आणि तिच्यावरही ते अशा रुबाबात बसत की जणू मागून शंभर गाड्यांचा ताफा येतो आहे.

"टैक्सी?" त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "बहनजी, उधर घाघरा है, राप्ती है. नदी का मिज़ाज बिगड़ा तो सड़क ही बह जाती है. आपकी टैक्सी तो नाव बन जाएगी, वह भी बिना चप्पू की. वहाँ चाहिए फ़ोर-बाय-फ़ोर."

"पण आता तर फाल्गुन चाललाय," बबनराव हळूच म्हणाले. "पौर्णिमा भर उन्हाळ्यात. पाऊस कुठला?"

"अहो, चहा निवतोय तुमचा," कमलाबाई म्हणाल्या, आणि तो विषय संपला.

सूबेदार-मेजरांनी मग समजावून सांगितले. साध्या ट्रकाची मागची चाके ट्रक ढकलतात आणि पुढची नुसती वाट दाखवतात. फ़ोर-बाय-फ़ोर ट्रकात इंजिनाचे बळ चारही चाकांना मिळते. मोठ्या गिअरशेजारी एक छोटा दांडा असतो. तो खाली ओढला की गाडी मुंगीच्या चालीने चालते आणि हत्तीच्या जोराने चढते. वाळू असो, खडक असो, कमरेइतके पाणी असो, तिला कशाचीही पर्वा नसते. असाच एक ट्रक छावणीत लिलावाला निघाला होता. वर्षानुवर्षे त्याने गिर्यारोहकांच्या मोहिमांचे सामान लडाखच्या वाटांवरून वाहिले होते. "दीवार पर चढ़ जाए, बहनजी!"

आपल्याला भिंतीवर का चढायचे आहे, हे बबनरावांना विचारायचे होते. त्यांनी चहा पिऊन टाकला.

त्या ट्रकाच्या किमतीचा उच्चार रामटेक्यांच्या घरात पुढे कधीही झाला नाही, म्हणून तो येथेही करत नाही. ट्रक गल्लीत आला तो दिवस मात्र सर्वांच्या स्मरणात आहे. भूतनाथ मार्केटच्या वळणापासून रिक्षावाले त्याला वाट देत मागे सरत होते. ऑलिव्ह रंगाचे ते धूड, कमरेभर उंचीची चाके, नाकावर लोखंडी दोराची चरखी, आणि बाजूला अर्धवट पुसलेली 'मुहिम' अशी हिंदी अक्षरे. गल्लीत शिरताना त्याने केबल टीव्हीच्या तीन तारा आपल्या छतावर गोळा करून आणल्या, आणि सचिवालयातल्या श्रीवास्तवांच्या गच्चीवरची वाळत घातलेली चादर पताकेसारखी मिरवली.

श्रीवास्तव फाटकात आले. हा गृहस्थ रागावला तरी अदब सोडत नसे, आणि त्यामुळे त्याचे बोलणे अधिकच झोंबे.

"माताजी, इरादा तो नेक है ना? किस पर चढ़ाई है?"

"श्रावस्ती," कमलाबाईंनी सांगितले.

"अच्छा, अच्छा. वहाँ तो हमारी अम्मा बस से हो आई थीं. नाहक़ तकलीफ़ उठाई उन्होंने."

त्या दिवसापासून गल्लीतला प्रत्येक जण ट्रकतज्ज्ञ झाला. एकाने सांगितले की इंजिन रोज सकाळी अर्धा तास चालवले नाही तर आखडते. ते चालवले तेव्हा दुसऱ्याने सांगितले की धुराने त्याच्या आईचा दमा वाढतो. तिसऱ्याने मागे फ्रिज बसवण्याचा सल्ला दिला. कमलाबाईंनी सर्वांचे ऐकून घेतले आणि आपल्याला हवे ते केले. मैत्री महिला मंडळाच्या त्या अध्यक्षा होत्या. मंडळ म्हणजे सरकारी नोकऱ्यांच्या निमित्ताने लखनऊत स्थिरावलेल्या मराठी बौद्ध कुटुंबांतल्या बायका. मंडळाच्या बैठकीत त्यांनी जाहीर केले की एवढे मोठे वाहन एकट्या पाहुणीसाठी नेणे शोभत नाही. सबंध मंडळ श्रावस्तीला जाईल. मागे दोन्ही बाजूंनी बाक बसवले, वर नवी ताडपत्री घातली. बोलताना त्यांच्या तोंडी आता 'ग्राउंड क्लिअरन्स' येऊ लागला, आणि एका लग्नाच्या बोलण्यांत मुलाकडच्यांविषयी मत देताना त्या सहज म्हणून गेल्या की घर चांगले आहे, पण चढणीवर टिकेल असे वाटत नाही.

नडले ते परिवहन कार्यालयात. लष्कराने टाकलेले वाहन नागरी रस्त्यावर आणायचे तर त्याची नोंदणी हवी, आणि नोंदणीसाठी आधी ते काय आहे हे ठरायला हवे. खिडकीमागच्या बाबूंनी चष्म्यावरून कमलाबाईंकडे पाहिले.

"यह माल ढोएगी कि सवारी?"

"आम्ही बसणार. मंडळाच्या बायका."

"सवारी, तो बस हुई. बस में खिड़की चाहिए, घंटी चाहिए, आने-जाने का दरवाज़ा चाहिए. है?"

"नहीं है. ट्रक है."

"ट्रक, तो माल हुआ. माल में सवारी नहीं बैठती. हाँ, माल के साथ माल वाले बैठ सकते हैं. माल क्या है आपका?"

"हम माल नहीं हैं," कमलाबाई ताठ मानेने म्हणाल्या, "आणि आमच्याकडे माल नाही."

"तो फिर, माताजी, आप जा काहे के लिए रही हैं?"

या प्रश्नावर त्या घरी निघून आल्या. पण ट्रकाचे कागद त्याच खिडकीत होते, तेव्हा पुन्हा जावे लागले, आणि पुन्हा पुन्हा जावे लागले. बाबू रजेवर गेले, बाबू निवडणुकीच्या कामावर गेले, बाबू परत आले तेव्हा ट्रकाचा इंजिन क्रमांक पुसट निघाला. चैत्र गेला. बुद्धपौर्णिमा आली आणि गेली. त्या दिवशी श्रावस्तीचा रस्ता हाडासारखा कोरडा होता, आणि कमलाबाईंनी नागपूरला फोन करून सांगितले की थोडा उशीर आहे, गाडीचे कागद व्हायचेत.

"कोणती गाडी वं?" विजयाने विचारले. "बस सुटते नं रोज?"

अखेर तोडगा निघाला. मंडळ श्रावस्तीला खीरदानासाठी तांदूळ आणि साखर नेत आहे, आणि बायका त्या मालाच्या मालकिणी आहेत. म्हणजे तांदूळ घेणे आले. बाबूंनी हेही सांगितले की माल दिसण्याजोगा असावा. एवढ्या मोठ्या ट्रकात दोन पिशव्या ठेवल्या तर चौकीवाला हसेल. तेव्हा पोती आली, पोत्यांबरोबर मोठी पातेली आली, पातेल्यांबरोबर शेगडी आली. मुळात रिकामा असतानाच हत्तीच्या वजनाचा ट्रक आता हत्तीण आणि पिल्लांसह उभा राहिला.

आषाढ अर्ध्यावर आला आणि विजया एकटीच नागपूरहून गाडीत बसून आली. वाट पाहून कंटाळली होती. रिक्षातून उतरून तिने फाटकापुढच्या त्या धुडाकडे मान वर करून पाहिले.

"माय वं! कमल, मी एकटी आली. पलटण नाही आणली."

"गंमत करू नकोस. हा श्रावस्तीला जाईल. रस्ता असो वा नसो."

"रस्ता तर आहे नं?"

कमलाबाईंनी तिची पिशवी उचलून आत नेली. त्याच दुपारी पावसाने पहिली झड लावली आणि तीन दिवस ती उघडली नाही. घाघरा नदीला पाणी चढल्याच्या बातम्या आल्या. कमलाबाईंचा चेहरा उजळला. आता कुठे ट्रकाला योग्य असा रस्ता तयार होत होता. त्यांनी प्रस्थानाचा दिवस ठरवला, आषाढी पौर्णिमा.

"पौर्णिमेले?" विजया पापड भाजता भाजता थांबली. "अवं, त्याच दिवशी वर्षावास लागते. भिक्खूसुद्धा त्या दिवसापासून हिंडत नाही, एका जागी राहते. तूच तर सांगते नं दरसाल मंडळात?"

हे खरे होते. पावसात नवे कोंभ उगवतात, ते पायाखाली तुडवले जाऊ नयेत म्हणून तथागतांनी संघाला तीन महिने एका ठिकाणी राहायला सांगितले, यावर कमलाबाईंचे व्याख्यान दर वर्षी आषाढात होई आणि दर वर्षी त्यांच्या डोळ्यांत पाणी येई.

"भिक्खूंकडे फ़ोर-बाय-फ़ोर नव्हता," त्या म्हणाल्या.

हे वाक्य बोलायला नको होते असे त्यांना बोलतानाच वाटले. परंतु बोललेले मागे घेण्याचा गिअर त्यांच्या ठिकाणी पहिल्यापासूनच बसवलेला नव्हता.

पौर्णिमेच्या सकाळी पाऊस थांबला. मंडळाच्या बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या, ट्रकाला हार घातला गेला, त्रिशरण-पंचशील झाले. कमलाबाई पुढे, सूबेदार-मेजरांच्या शेजारी, कधीच्या जाऊन बसल्या होत्या. चार जणींनी हात देऊन आणि बबनरावांनी स्टूल धरून त्यांना चढवले होते. तेथून त्यांना गल्लीतल्या सर्व गच्च्यांच्या टाक्या दिसत होत्या. त्या उंचीवर बसून त्यांना इतकी वर्षे आपण खाली का बसलो, असेच वाटत होते.

आणि मग असे लक्षात आले की विजयाला मागे चढता येत नाही.

लडाखच्या खिंडी चढणाऱ्या त्या ट्रकाचे मागचे फळकूट विजयाच्या छातीइतके उंच होते. शिडी लावली, तर गुडघा वाकेना. स्टुलावर खुर्ची ठेवली, तर बबनरावांचा धीर होईना. कमरेइतक्या पाण्यातून जाणारे वाहन थोरल्या बहिणीच्या दोन गुडघ्यांपुढे अडून उभे राहिले. कमलाबाईंची नात पायल, जी विद्यापीठात शिकायला आजी-आजोबांकडे राहत असे, मराठी सगळे समजूनही उत्तर हिंदीतच देत असे. ती म्हणाली, "आजी, इनको आगे बिठा दो ना, आप पीछे आ जाओ."

हा सल्ला सर्वांत सोपा होता, आणि म्हणूनच तो कोणी ऐकला नाही. मोहिमेची अध्यक्षा पोत्यांवर बसणार नव्हती.

सूबेदार-मेजरांनी उपाय काढला. श्रीवास्तवांच्या घरापुढचा ओटा उंच होता, बरोबर ट्रकाच्या फळकुटाइतका. ट्रक मागे घेऊन ओट्याला लावायचा. विजया ओट्यावरून चालत आत येईल. श्रीवास्तवांनी मोठ्या अदबीने संमती दिली. "चबूतरा आप ही का है. बस, फूल बचा लीजिएगा."

आता श्रीवास्तवांच्या फाटकापुढे आठवड्यापूर्वीच पाण्याची नवी नळी टाकून चर बुजवला होता, आणि वरची माती नुसती रचून ठेवल्यासारखी होती. तीन दिवसांच्या पावसाने ती शिऱ्यासारखी झाली होती. तिच्यावरून सायकली जात, दूधवाला जाई, गाई जात. हत्तीण आणि पिल्ले तेथून आजवर गेली नव्हती.

मागचे डावे चाक आधी खाली गेले. मग कुरकुर असा आवाज झाला, आणि ट्रक एका बाजूने अत्यंत सावकाश, जणू जड जेवणानंतर कुशीवर वळावे तसा, कलला.

"घबराइए मत," सूबेदार-मेजर म्हणाले. "इसी के लिए तो फ़ोर-बाय-फ़ोर है!" आणि त्यांनी तो प्रसिद्ध छोटा दांडा खाली ओढला.

येथे एक गोष्ट नमूद करून ठेवणे आवश्यक आहे, कारण ती लिलावात कोणी सांगितली नव्हती. साधा ट्रक चिखलात रुतला की दोन खड्डे खणतो. फ़ोर-बाय-फ़ोर चार खणतो. मुंगीच्या चालीने आणि हत्तीच्या जोराने चारही चाके फिरली, श्रीवास्तवांची झिनियाची रोपे, नवे कोंभ आणि जुनी फुले, चिखलासह त्यांच्याच दिवाणखान्याच्या खिडकीवर जाऊन बसली, आणि ट्रक आसापर्यंत जमिनीत उतरला. मग खालून नळी फुटल्याचा आवाज आला आणि खड्डे पाण्याने भरू लागले.

"हवा निकालो!" सूबेदार-मेजर गरजले. वाळवंटात टायरांतली हवा कमी केली की चाक पसरते आणि रुतत नाही. हे शास्त्र अगदी खरे आहे. हवा काढली. चाके पसरली. ट्रक आणखी खाली बसला, आणि हवा परत भरायचे यंत्र कोणापाशी नव्हते.

उरली ती नाकावरची चरखी. लोखंडी दोर ओढून समोर बांधायला झाड शोधले; गल्लीत तेवढे जाड झाड नव्हते. तेव्हा श्रीवास्तवांच्या समोरच्या डॉक्टरांच्या फाटकाचा खांब सर्वांना भक्कम वाटला. दोर ताणला गेला. चरखी कण्हली. सर्व बायकांनी हात जोडले. आणि ट्रक खांबाकडे जाण्याऐवजी खांब, दिवा आणि डॉक्टरांच्या नावाच्या पाटीसह, ट्रकाकडे आला.

सूबेदार-मेजरांनी चरखी बंद केली.

"माशाल्लाह," श्रीवास्तव म्हणाले. "ताक़त तो है."

हळूहळू सगळे पांगले. बायका पांढऱ्या साड्यांच्या चिखलाने माखलेल्या काठांकडे पाहत घरी गेल्या. सूबेदार-मेजर छावणीतून क्रेन मिळते का ते पाहायला स्कूटरवरून निघून गेले आणि त्या दिवशी परत आले नाहीत. दुपार कलली तरी कमलाबाई तिरप्या ट्रकाच्या पुढच्या आसनावर तशाच बसून होत्या. एका हाताने दाराची कड धरून त्या ताठ बसत, कारण कड सोडली की त्या घसरत सूबेदार-मेजरांच्या रिकाम्या जागेवर जात. बबनरावांनी चहा वर पोचवला, त्यांनी घेतला. नळाला पाणी नव्हते, म्हणून गल्लीतले लोक रामटेक्यांच्या हातपंपावर बादल्या भरत होते, आणि प्रत्येक जण जाताना वर पाहून नमस्ते करत होता. त्या प्रत्येक नमस्त्याला कमलाबाईंनी उत्तर दिले.

मग विजया आली. चिखलातून विटा चाचपत, पायलचा खांदा धरून. ट्रकाच्या दारापाशी उभी राहून तिने मान वर केली.

"कमल, उतर वं आता."

"बरी बसले आहे मी."

"परवा माझी गाडी आहे नागपूरची. उद्या सकाळी सात वाजता कैसरबागेतून बस सुटते, पायलनं विचारून घेतलं. चाल नं दोघी जाऊ. संध्याकाळी वापस येऊ. कोणाले सांगूही नको."

वरून कमलाबाईंना विजयाचा पांढरा भांग दिसला. एवढ्या उंचीवरून त्यांनी थोरल्या बहिणीकडे कधी पाहिले नव्हते. मान वर करून बोलताना तिचा हात गुडघ्यावर होता. खाली उतरायला फक्त एक हो म्हणायचे होते. पण त्याच वेळी डॉक्टर बादली घेऊन जात होते.

"माझ्या घरचा पाहुणा बसने जात नाही," कमलाबाई म्हणाल्या. "क्रेन येईल. आणि एवढं सगळं टाकून मी कुठे येऊ?"

विजयाने गुडघ्यावरचा हात काढला. "बरं," ती म्हणाली. "मी काय, जाऊन येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा फाटकापाशी आली तेव्हा कमलाबाई मुद्दाम मागच्या अंगणात होत्या. विजयाने दोनदा हाक मारली. दुसऱ्या हाकेला त्या ओ देणार होत्या. ओ ओठांपर्यंत आलीही होती. मग घंटी वाजवत रिक्षा निघून गेली.

संध्याकाळी विजया आणि तिच्याबरोबर गेलेली पायल परत आल्या. विजयाचा चेहरा उन्हाने लाल झालेला आणि आतून काहीतरी निवल्यासारखा. तिने पदराच्या गाठीतून जेतवनातल्या जुन्या पिंपळाचे एक गळलेले पान काढून कमलाबाईंच्या हातावर ठेवले.

कमलाबाईंना खूप विचारायचे होते. विचारले ते भलतेच. "रस्ता कसा होता?"

विजया कसनुशी हसली. सांगावे की न सांगावे, असे तिला झाले असावे.

"डांबरी आहे वं," ती म्हणाली. "थेट दारापर्यंत."

विजया नागपूरला गेल्यावर काही दिवसांनी, ताटे मांडता मांडता, पायलने सहज सांगितले. "आजी, पता है, विजयाआजी ने बस में बगल वाली सीट पर अपना थैला रख दिया था. किसी को बैठने नहीं दिया. कंडक्टर चिल्लाया, सवारियाँ लड़ीं. वह बोलती रहीं, माझी बहीण येऊन राहिली. बाराबंकी तक नहीं हटाया थैला. मैंने कहा, आजी नहीं आएँगी. बोलीं, तुले नाही माहीत, ती ऐनवेळी येते."

कमलाबाई पोळीवर तूप लावत होत्या. त्या एकाच पोळीवर तूप लावत राहिल्या, आणि बबनरावांनी, ज्यांना ती खायची होती, हरकत काढली नाही.

क्रेन आली नाही. छावणीच्या क्रेनला ती चिंचोळी गल्ली मानवली नाही, आणि ट्रॅक्टर आणला तर त्याला ओढायला दुसरा ट्रॅक्टर लागला असता. पावसाचे तीन महिने ट्रक तेथेच राहिला. वर्षावास त्यानेच सर्वांत काटेकोरपणे पाळला. ताडपत्री नवी होती, बाक दोन्ही बाजूंना होते, आणि मंडळाच्या वर्षावासातल्या ग्रंथवाचनाला कोरडी जागा हवी होती. बायका श्रीवास्तवांच्या ओट्यावरून आत येत. तांदळाची पोती तेथेच होती. खीर शिजवली जाई आणि गल्लीभर वाटली जाई. डॉक्टरांचा खांब नवा बांधून दिला गेला, श्रीवास्तवांना झिनियाची दुप्पट रोपे दिली गेली. कमलाबाई वाचायला बसत तेव्हा शेजारी कोणाला बसू देत नसत.

कार्तिकात जमीन वाळली. एका सकाळी सूबेदार-मेजर आले, टायरांत हवा भरवली, इंजिन चालू केले, आणि ट्रक कोणत्याही दांड्याशिवाय, मागच्या साध्या दोन चाकांवर, गुपचूप बाहेर आला. त्याला फक्त थांबायला हवे होते. पुढे एका वीटभट्टीवाल्याने तो नेला, त्याच्या मनात मालाविषयी काही शंका नव्हती.

विजयाच्या गुडघ्यांनी पौषात कायमचा नकार दिला. नागपूरच्या डॉक्टरांनी जिना, रिक्षा आणि आगगाडी, तिन्ही बंद केले. फोनवर ती म्हणे, "मी तर पाहून आली वं. आता तू पाहून घे."

पुढच्या फाल्गुनात एके दिवशी कमलाबाई कोणाला न सांगता कैसरबागेच्या बसस्थानकावर गेल्या. बबनरावांनी त्यांना दारापासून जाताना पाहिले आणि वर्तमानपत्रात डोके घातले. बस खिळखिळी होती. कमलाबाई खिडकीशी बसल्या आणि शेजारच्या जागेवर त्यांनी आपली पिशवी ठेवली. स्थानकात एक जण बसायला आला, त्याच्याकडे त्यांनी नुसते पाहिले. तो पुढे गेला. दुसरा आला, तोही गेला. बस भरली, सुटली, आणि गोमतीचा पूल मागे पडल्यावर कंडक्टर गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी आला. त्याने पिशवीकडे बोट केले.

"माताजी, यह सामान है कि सवारी?"

हा प्रश्न कमलाबाईंना पूर्वी एकदा विचारला गेला होता, आणि तेव्हाचे उत्तर त्यांना महागात पडले होते. त्यांनी पिशवीवर हात ठेवला.

"सवारी है," त्या म्हणाल्या. "टिकट काटिए."